‘गुड कोलेस्टेरॉल’ चांगलं आहे, मग हार्टचा धोका टळला का? घराण्यातून येणाऱ्या कोलेस्टेरॉलचं गणित वेगळं असतं

शेतात राबणारा माणूस. अंगानं शेलाटा. बीपी नाही, शुगर नाही, दारू नाही. वय अडतीस. आणि एका पहाटे छातीत कळ येऊन गेला.

अशी बातमी गावाच्या ग्रुपवर आली की दोन-तीन दिवस चर्चा चालते. कुणी म्हणतं टेन्शन होतं, कुणी म्हणतं तेल भेसळीचं आलंय, कुणी आणखी काही. एखादं म्हातारं माणूस मात्र हळूच बोलून जातं, “त्याचा बापही असाच गेला. चुलताही. त्यांच्या घरात माणूस पन्नाशी बघत नाही.”

बऱ्याचदा या म्हाताऱ्या माणसाचं निरीक्षण बाकी सगळ्या फॉरवर्डपेक्षा खरं असतं. काही घरांमध्ये रक्तातलं कोलेस्टेरॉल जन्मापासूनच खूप जास्त असतं आणि ते आई-बापांकडून मुलांकडे येतं. डॉक्टरांच्या भाषेत याला ‘फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया’ म्हणतात. थोडक्यात एफएच.

अशा घरातल्या एखाद्यानं रक्त तपासलं, तर रिपोर्टमध्ये एक दिलासा देणारी ओळ दिसू शकते : ‘एचडीएल, म्हणजे गुड कोलेस्टेरॉल, उत्तम.’ मग कुणीतरी सांगतं, गुड चांगलं आहे ना, मग बॅडचं काही मनावर घेऊ नको.

हा सल्ला जिवावर बेतू शकतो. का, ते समजून घेऊ.

आधी ‘बॅड’ आणि ‘गुड’ म्हणजे काय?

कोलेस्टेरॉल हे काही विष नाही. शरीरातल्या प्रत्येक पेशीचं आवरण, काही हार्मोन्स, पचनासाठी लागणारं पित्त हे सगळं तयार करायला ते लागतं. शरीराला लागणारं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करतं.

पण कोलेस्टेरॉल चरबीसारखं असल्यामुळे ते रक्तात विरघळत नाही. त्याला इकडून तिकडे न्यायला गाड्या लागतात. एलडीएल ही त्यातली एक गाडी. ती कोलेस्टेरॉल घेऊन रक्तातून फिरते. गरजेपेक्षा जास्त एलडीएल रक्तात राहिलं की ते धमनीच्या भिंतीत शिरतं, तिथं साचतं आणि हळूहळू गाठीसारखा थर तयार होतो. हा थर फुटला की त्यावर रक्ताची गुठळी होते, हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा थांबतो. हाच हार्ट ॲटॅक. म्हणून एलडीएल ‘बॅड’.

एचडीएल ही दुसरी गाडी. ती धमनीच्या भिंतीत साचलेलं कोलेस्टेरॉल उचलते आणि लिव्हरकडे परत नेते. म्हणून ती ‘गुड’. हे नाव सोपं आहे, पण ‘गुड’ जितकं जास्त तितकं बरं, असा अर्थ त्यातून निघतो आणि तिथंच घोळ होतो.

घराण्यातून येतं म्हणजे नेमकं काय होतं?

रक्तातलं एलडीएल काढून घेण्याचं मुख्य काम लिव्हर करतं. लिव्हरच्या पेशींवर त्यासाठी खास दरवाजे असतात. त्यांना एलडीएल रिसेप्टर म्हणतात. एलडीएलची गाडी आली की दरवाजा तिला पकडून आत घेतो.

हे दरवाजे मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात शोधून काढले. एफएच असलेल्या रुग्णांच्या पेशी अभ्यासतानाच त्यांना हा शोध लागला. १९८५ साली दोघांना नोबेल मिळालं.

प्रत्येक माणसाकडे या दरवाजाच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एफएचमध्ये त्यातली एक प्रत बिघडलेली असते. म्हणजे साधारण निम्मेच दरवाजे काम करतात. त्यामुळे एलडीएल रक्तात जास्त वेळ फिरत राहतं आणि त्याची पातळी साधारण दुपटीच्या घरात जाते. काही घरांत बिघाड दरवाजात नसतो, तो एलडीएलच्या गाडीवरच्या ‘कडी’त किंवा पीसीएसके-९ या प्रथिनात असतो. परिणाम तोच.

आई-बापांपैकी एकाला एफएच असेल तर प्रत्येक मुलाला किंवा मुलीला तो येण्याची शक्यता ५० टक्के असते. म्हणजे नाणं उडवल्यासारखं. मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही.

आणि यात खाण्याचा दोष नाही. रोज ज्वारीची भाकरी खाणारा, करडईचं तेल वापरणारा, आयुष्यात कधी मटणाला हात न लावलेला माणूसही यातून सुटत नाही. पथ्यानं एलडीएल थोडं खाली येतं, पण बंद दरवाजे उघडत नाहीत.

धाराशिव जिल्ह्यात अशी माणसं किती असतील?

जगभरातल्या अभ्यासांनुसार साधारण दर २५० ते ३०० माणसांमागे एकाला एफएच असतो. पूर्वी हा आकडा ५०० मागे एक असा मानला जायचा.

२०११ च्या जनगणनेत धाराशिव म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या वर होती. जागतिक प्रमाण इथं लावलं तर हिशेब साडेपाच ते साडेसहा हजार माणसांवर जातो. ही प्रत्यक्ष मोजणी नाही, नुसता गुणाकार-भागाकार आहे. पण त्यातून अंदाज येतो. भूम, परंडा, वाशी, कळंब, तुळजापूर, लोहारा, उमरगा, धाराशिव या आठही तालुक्यांत, दोन-अडीच हजार वस्तीच्या गावात सात-आठ माणसं अशी असू शकतात.

त्यातल्या बहुतेकांना हे माहीतच नसतं. कारण वाढलेलं कोलेस्टेरॉल दुखत नाही, खुपत नाही. सरकारी योजनेत तिशीनंतर बीपी, शुगर आणि तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कॅन्सर यांची तपासणी होते. कोलेस्टेरॉल त्या यादीत नाही. आशा सेविका घरोघरी जो फॉर्म भरतात त्यात आई-बाप किंवा भावंडांना बीपी, शुगर, हृदयरोग आहे का, असा एक प्रश्न असतो. या प्रश्नाला आपण बहुतेक वेळा ‘नाही’ म्हणून मोकळे होतो. एफएचच्या दृष्टीनं त्या फॉर्ममधला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच आहे.

पस्तिशीत सत्तरीच्या धमन्या

एफएच इतका धोकादायक का? कारण तो जन्मापासून असतो.

एक ढोबळ हिशेब बघा. एका माणसाचं एलडीएल १०० आहे. (हे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमधले.) वयाच्या सत्तराव्या वर्षापर्यंत त्याच्या धमन्यांनी झेललेलं एलडीएल : १०० गुणिले ७०, म्हणजे ७,०००. दुसऱ्याला एफएच आहे, त्याचं एलडीएल जन्मापासून २०० आहे. तो ७,००० वर कधी पोचेल? पस्तिसाव्या वर्षी.

शरीर इतकं सरळ गणित करत नाही, पण डॉक्टर धोका समजावताना हेच तत्त्व वापरतात. एलडीएल किती आहे, यासोबत ते किती वर्षं आहे हेही मोजायचं. उपचार न घेतलेल्या एफएचच्या पुरुषांपैकी साधारण निम्म्यांना पन्नाशीच्या आत हृदयरोग गाठतो. बायकांपैकी साधारण ३० टक्क्यांना साठीच्या आत.

मग ‘गुड’ कोलेस्टेरॉल वाचवत नाही का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एचडीएल जर कचरा उचलून नेतं, तर भरपूर एचडीएल असलेल्या माणसाला एलडीएलचा त्रास कमी व्हायला हवा. हा विचार चुकीचा वाटत नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या अभ्यासातून १९७७ साली दिसलं होतं की ज्यांचं एचडीएल कमी, त्यांना हृदयरोग जास्त. तेव्हापासून ‘गुड कोलेस्टेरॉल वाढवा’ हे वाक्य सगळीकडे पसरलं.

पण रिपोर्टमधला एचडीएलचा आकडा नेमकं काय मोजतो? नगरपालिकेच्या घंटागाड्या डोळ्यांसमोर आणा. आवारात किती गाड्या उभ्या आहेत हे मोजून गावातला किती कचरा उचलला गेला, हे सांगता येईल का? गाड्या वीस असतील आणि त्यातल्या बारा बंद असतील. किंवा गाड्या पाचच असतील, पण दिवसातून चार खेपा करत असतील.

एचडीएलचा आकडा हा आवारातल्या गाड्यांसारखा आहे. त्या क्षणी रक्तात एचडीएलमध्ये किती कोलेस्टेरॉल आहे, एवढंच तो सांगतो. खेपा किती झाल्या हे सांगत नाही.

एफएचमध्ये आणखी एक अडचण. लिव्हरचे निम्मे दरवाजे बंद असल्यामुळे धमनीत नवा कचरा सतत येऊन पडतोय. गाड्या कितीही चांगल्या असल्या तरी कचरा येण्याचा वेग कमी केल्याशिवाय रस्ता साफ होत नाही.

एचडीएल वाढवणारी औषधं आली आणि फसली

शास्त्रज्ञांनी हे फक्त तर्कानं ठरवलं नाही, करून पाहिलं.

टोरसेट्रापिब नावाचं औषध एचडीएल जवळजवळ ७२ टक्क्यांनी वाढवत होतं. १५ हजार लोकांवर चाचणी सुरू झाली. डिसेंबर २००६ मध्ये ती मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त होत होते. त्याच गटातलं डॅलसेट्रापिब २०१२ साली निरुपयोगी ठरलं. नायसिन हे जुनं औषधही एचडीएल वाढवतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या २५ हजार लोकांच्या चाचणीत, स्टॅटिन घेणाऱ्यांना ते वरून देऊन काही फायदा झाला नाही, उलट दुष्परिणाम वाढले.

जनुकांच्या अभ्यासातूनही हेच दिसलं. काही लोकांचं एचडीएल जन्मतःच थोडं जास्त असतं. २०१२ च्या एका मोठ्या अभ्यासात अशा लोकांना हार्ट ॲटॅक कमी येतात का ते पाहिलं. फरक दिसला नाही. याउलट जन्मतः एलडीएल कमी असणाऱ्यांना हार्ट ॲटॅक खरोखरच कमी येतात.

दोन टोकाची उदाहरणं तर फार बोलकी आहेत.

इटलीत गार्डा सरोवराच्या काठी लिमोने नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या काही कुटुंबांमध्ये एचडीएल खूपच कमी सापडलं. पण त्या मानानं हृदयरोग मात्र दिसत नव्हता. त्यांच्या एचडीएलमधल्या प्रथिनात एक वेगळा बदल होता. म्हणजे गाड्या थोड्या, तरी नुकसान नाही.

दुसरं उदाहरण उलटं. काही लोकांमध्ये लिव्हरचा जो दरवाजा एचडीएलमधला माल उतरवून घेतो, तोच बिघडलेला असतो. माल उतरतच नाही, त्यामुळे भरलेल्या गाड्या रक्तात तशाच फिरत राहतात. त्यांच्या रिपोर्टमध्ये एचडीएल मस्त, खूप जास्त दिसतं. पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांना हृदयरोगाचा धोका जास्त असल्याचं आढळलं.

म्हणजे एचडीएल बघायचंच नाही का?

बघायचं. पण कशासाठी, हे माहीत हवं.

एचडीएल कमी असणं ही धोक्याची खूण आहे. पुरुषांमध्ये ४० च्या खाली आणि बायकांमध्ये ५० च्या खाली असेल तर ते कमी मानतात. सहसा त्यासोबत पोटाचा घेर, वाढलेले ट्रायग्लिसराईड्स, डायबेटिस, बिडी-सिगारेट यांपैकी काहीतरी असतं. आपल्याकडे हे फारच सर्रास आहे. आयसीएमआरच्या पाहणीत महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड इथल्या लोकांचं रक्त तपासलं. २०१४ साली आलेल्या निष्कर्षांनुसार ७२ टक्के लोकांचं एचडीएल कमी होतं.

एफएचच्या रुग्णांमध्येही ज्यांचं एचडीएल कमी, त्यांना धोका जास्त दिसतो. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये एफएचच्या रुग्णांसाठी २०१७ साली एक स्कोअर तयार झाला. त्यात वय, पुरुष की स्त्री, बीपी, धूम्रपान यांच्यासोबत एचडीएलही धरलंय. त्याच वर्षी स्पेनमधल्या एफएचच्या रुग्णांवरून दुसरं सूत्र तयार झालं. त्यात वजन, एलडीएल, लिपोप्रोटीन-ए वगैरे आहे, पण एचडीएल नाही. म्हणजे तज्ज्ञांच्या सूत्रांमध्येही एचडीएलची जागा पक्की नाही.

सोप्या भाषेत सांगायचं तर कमी एचडीएल हा इशारा आहे, पण जास्त एचडीएल हे संरक्षण नाही. एलडीएल जन्मापासून २०० च्या पुढे असेल, तर ६५ किंवा ७० चं एचडीएल ते फेडू शकत नाही.

रिपोर्टमधला ‘रेशो’ कसा फसवतो?

समजा एका पस्तिशीतल्या बाईचा रिपोर्ट आला :

एकूण कोलेस्टेरॉल ३१०
एचडीएल ७०
ट्रायग्लिसराईड्स १००
एलडीएल २२०

रिपोर्टच्या तळाशी एकूण कोलेस्टेरॉल आणि एचडीएल यांचा रेशो असतो. ३१० भागिले ७०, म्हणजे ४.४. बऱ्याच लॅबच्या छापील तक्त्यात हा आकडा ‘कमी धोका’ किंवा ‘साधारण’ या रकान्यात जातो. घरी सगळे निश्चिंत होतात.

पण इथं बघायचा आकडा २२० हा आहे. मोठ्या माणसाचं एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त असेल, तर रेशो काहीही असो, एफएचचा संशय घ्यायचाच. आणखी एक हिशेब घरच्या घरी करता येतो. एकूणातून एचडीएल वजा करा. ३१० वजा ७०, म्हणजे २४०. याला नॉन-एचडीएल म्हणतात. धमनीत साचू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल यात येतं. सामान्य माणसात ते १३० च्या आत असावं, असं भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, म्हणजे कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं, २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय. २४० म्हणजे जवळजवळ दुप्पट.

कुणी तपासून घ्यावं?

२०२४ च्या याच सूचनांनुसार प्रत्येकानं पहिली लिपिड तपासणी अठराव्या वर्षीच करावी. घरात लवकर हृदयरोग झालेला असेल तर त्याआधीच. पुढच्यापैकी काहीही असेल तर थांबू नये :

• वडील, भाऊ, काका, मामा यांच्यापैकी कुणाला ५५ च्या आत किंवा आई, बहीण, मावशी, आत्या यांच्यापैकी कुणाला ६० च्या आत हार्ट ॲटॅक आला असेल, ॲन्जिओप्लास्टी किंवा बायपास झाली असेल.
• घरात कुणाचं एलडीएल १९० च्या पुढे आलं असेल.
• टाचेच्या वरची जाड शीर सुजल्यासारखी, गाठाळ झाली असेल किंवा हाताच्या बोटांच्या मागच्या शिरांवर गाठी असतील.
• ४५ च्या आतच डोळ्याच्या बुबुळाभोवती पांढरट कडं दिसत असेल.
• पापण्यांवर पिवळसर चट्टे असतील. (हे एफएच नसतानाही येतात, पण तपासणी करायला पुरेसं कारण आहे.)

या खुणा नसल्या म्हणजे एफएच नाही, असं मात्र नाही. अनेकांमध्ये बाहेरून काहीच दिसत नाही.

तपासणी साधी आहे. ‘लिपिड प्रोफाइल’ काही शे रुपयांत तालुक्याच्या लॅबमध्येही होतं. पहिल्या तपासणीसाठी उपाशीपोटी जायचीही सहसा गरज नसते. ट्रायग्लिसराईड्स फार जास्त आले तर उपाशीपोटी पुन्हा करतात. एलडीएल जास्त आलं तर डॉक्टर थायरॉइड, किडनी आणि लिव्हर तपासतात, कारण त्यांच्या बिघाडानंही एलडीएल वाढतं.

जनुकीय चाचणी झाली तर निदान पक्कं होतं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या संशोधकांनी भारतीय रुग्णांमधले असे जनुकीय बदल २००० सालीच शोधून प्रसिद्ध केले होते. पण उपचार सुरू करायला या चाचणीची वाट बघावी लागत नाही. एलडीएलचा आकडा, घरातला इतिहास आणि अंगावरच्या खुणा यांवरून डॉक्टर निर्णय घेऊ शकतात.

उपचार काय?

पहिलं औषध स्टॅटिन. त्याची गोष्टही एफएचशी जोडलेली आहे. जपानमधले अकिरा एंडो यांनी हजारो बुरश्या आणि सूक्ष्मजीव तपासले आणि १९७३ मध्ये तांदळावर सापडलेल्या एका बुरशीतून पहिलं स्टॅटिन वेगळं केलं. १९७८ साली ओसाकातल्या डॉक्टरांनी ते ज्या रुग्णांना पहिल्यांदा दिलं, ते तीव्र एफएचचेच रुग्ण होते.

स्टॅटिन काय करतं? लिव्हरमध्ये कोलेस्टेरॉल बनणं कमी करतं. मग लिव्हर आपली गरज भागवायला जास्त दरवाजे उघडतं आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. म्हणजे एफएचमध्ये जिथं बिघाड आहे, तिथंच ते काम करतं.

वरच्या उदाहरणातल्या बाईचं २२० चं एलडीएल जास्त क्षमतेच्या स्टॅटिननं साधारण निम्मं, ११० पर्यंत येईल. त्यात इझेटिमाइब ही दुसरी गोळी घातली की आणखी साधारण २० टक्के कमी होऊन ९० च्या आसपास. एफएचमध्ये ते निदान निम्मं व्हावं आणि ७० च्या खाली यावं, असं उद्दिष्ट असतं. हृदयरोग आधीच झाला असेल तर ५५ च्या खाली. गोळ्यांनी तिथपर्यंत पोचलं नाही तर पीसीएसके-९ विरोधी इंजेक्शनं असतात. ती महाग आहेत, सगळ्यांना परवडत नाहीत. पण गोळ्या परवडतात. ॲटोरव्हास्टॅटिन सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि जनऔषधी केंद्रांवर जेनेरिक स्टॅटिन स्वस्तात मिळतं.

दुष्परिणाम होतात का? काहींना स्नायू दुखण्याचा त्रास होतो, आधीच काठावर असलेल्यांमध्ये डायबेटिसचा धोका किंचित वाढतो. लिव्हर निकामी होतं हा फॉरवर्ड मात्र घाबरवण्यापुरताच. लिव्हरला गंभीर इजा क्वचितच होते. त्रास झाला तर डॉक्टर डोस किंवा गोळी बदलतात. गरोदरपणाचा विचार असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलावं, कारण त्या काळात स्टॅटिन सहसा थांबवतात.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून ॲन्जिओप्लास्टी आणि बायपास होते, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं कवच आहे. ते मोलाचं आहेच. पण ते ॲटॅक आल्यानंतर. आणि परंड्याच्या किंवा उमरग्याच्या एखाद्या वस्तीवरून रात्री सोलापूर किंवा लातूरला पोचायला जो वेळ लागतो, त्या वेळेत हृदयाचा स्नायू मरत असतो.

मुलांचं काय?

एफएच असलेल्याच्या मुलांची तपासणी साधारण पाचव्या वर्षापासून करता येते. गरज पडली तर स्टॅटिन आठ ते दहा वर्षांच्या वयात सुरू करतात. “एवढ्या लहान पोराला रोजची गोळी?” असा प्रश्न कोणत्याही आईला पडणारच.

नेदरलँड्समध्ये याचं उत्तर मिळालं. लहानपणीच स्टॅटिन सुरू केलेल्या एफएचच्या २१४ मुलांचा तिथल्या डॉक्टरांनी २० वर्षं पाठपुरावा केला आणि २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. वयाच्या ३९ वर्षांपर्यंत या मुलांपैकी १ टक्क्याला हृदयविकाराचा किंवा तशा आजाराचा झटका आला होता. त्यांच्याच एफएच असलेल्या आई-बापांमध्ये त्याच वयापर्यंत हे प्रमाण २६ टक्के होतं. आई-बापांपैकी ७ टक्के त्या वयापर्यंत दगावले होते. मुलांपैकी एकही नाही.

जनुक तेच होतं. फक्त औषध वेळेवर मिळालं.

नात्यातलं लग्न आणि दुहेरी एफएच

मराठवाड्यात आत्याच्या किंवा मामाच्या घरात लग्नं करायची पद्धत बऱ्याच समाजांत आहे. अशा जोडप्याच्या दोन्ही बाजूंना एकाच आजी-आजोबांकडून आलेला बिघाड असू शकतो. दोघांनाही एफएच असेल तर त्यांच्या प्रत्येक मुलाला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळण्याची शक्यता चारात एक असते.

हा दुहेरी एफएच दुर्मिळ, पण फार तीव्र असतो. एलडीएल ४००-५०० च्या पुढे जातं. लहानपणीच कोपर, गुडघे, कुल्ले, टाचा इथं पिवळ्या-नारिंगी गाठी येतात. घरचे त्वचेच्या डॉक्टरकडे नेतात, आणि खरा धोका मात्र हृदयात असतो. उपचार नसेल तर शाळकरी वयातही हार्ट ॲटॅक येऊ शकतो. अमेरिकेत १९८४ साली टेक्सासमधल्या अशाच एका सहा वर्षांच्या मुलीला नवं हृदय आणि सोबत नवं लिव्हर बसवलं होतं. नव्या लिव्हरचे दरवाजे चालू असल्यामुळे तिचं हजाराच्या पुढे गेलेलं कोलेस्टेरॉल झपाट्यानं खाली आलं.

मुलाच्या अंगावर अशा गाठी दिसल्या तर त्याच आठवड्यात लिपिड प्रोफाइल करावं.

सोयरीक मोडेल या भीतीनं अनेक घरं आजार झाकतात. एफएचच्या बाबतीत झाकण्यात काहीच शहाणपण नाही. एफएच असलेला माणूस उपचार घेऊन नेहमीसारखं आयुष्य जगतो, संसार करतो. नात्यात लग्न ठरत असेल आणि घरात लवकर हृदयरोगाचा इतिहास असेल, तर दोघांचंही रक्त तपासून ठेवणं एवढंच करायचं असतं.

काही नेहमीचे प्रश्न

*व्यायाम केला, एचडीएल वाढलं. आता गोळी बंद करू का?*
नाही. व्यायाम चालू ठेवा, त्याचे फायदे एचडीएलच्या पलीकडचे आहेत. पण एफएचची गोळी स्वतःहून बंद केली की एलडीएल काही आठवड्यांत परत वर जातं.

*थोडी दारू घेतली की गुड कोलेस्टेरॉल वाढतं म्हणतात?*
आकडा वाढतो, हे खरं. पण आकडा वाढवून हृदय वाचत नाही, हे वर पाहिलंच. दारूचे तोटे मात्र पक्के आहेत.

*मटण, खवा, पेढे सगळं सोडायचं?*
उस्मानाबादी शेळीचं मटण आणि कुंथलगिरीचे पेढे हे एफएचचं कारण नाहीत. पण ज्याचे निम्मे दरवाजे बंद आहेत, त्यानं तूप, खवा, चरबीचं मटण, वनस्पती तूप कमी करणंच शहाणपणाचं. पथ्य औषधाच्या सोबत, औषधाच्या ऐवजी नाही.

*बिडी-तंबाखू?*
एफएच आणि तंबाखू हे सगळ्यात वाईट जोडपं. बिडी-सिगारेट एचडीएल कमी करते आणि धमन्यांचं नुकसान करते. सोडायला सुरुवात इथूनच करावी.

एक माणूस सापडला की अख्खं घर तपासायचं

एफएचमध्ये एका माणसाचं निदान हे कधीच एकट्याचं नसतं. त्याच्या आई-बापांपैकी एकाला, साधारण निम्म्या भावंडांना आणि निम्म्या मुलांना तो असण्याची शक्यता असते. म्हणून एक रुग्ण सापडला की त्याच्या जवळच्या नातेवाइकांना तपासायचं, त्यांच्यात कुणी सापडलं की त्याच्या नातेवाइकांना. जगभर एफएच शोधायची हीच सगळ्यात स्वस्त आणि खात्रीची रीत आहे.

आपल्याकडे यात एक गफलत हमखास होते. घराणं म्हटलं की आपण भावकी मोजतो. एका आडनावाची माणसं. पण जनुक आडनाव बघत नाही. लग्न होऊन बार्शीला, पुण्याला, लातूरला गेलेल्या बहिणीला आणि आत्याला हा बिघाड जाण्याची शक्यता भावाइतकीच असते, आणि त्यांच्याकडून त्यांच्या मुलांना. तिकडे सासरच्या डॉक्टरला माहेरचा इतिहास कुणी सांगितलेला नसतो. बायकांच्या छातीत दुखलं तर आधी ॲसिडिटीचीच गोळी दिली जाते.

त्यामुळे घरात कुणी पन्नाशीच्या आत हृदयविकारानं गेलं असेल किंवा कुणाचं एलडीएल १९० च्या पुढे आलं असेल, तर एक काम करता येईल. वडिलांकडच्या आणि आईकडच्या, दोन्ही बाजूंच्या नातेवाइकांची यादी करा. नावापुढे वय लिहा, कुणाला कितव्या वर्षी काय झालं ते लिहा. लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं त्यात आधी घाला. मग ती यादी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि फॅमिली ग्रुपवर रोजच्या ‘शुभ सकाळ’सोबत एक मेसेज टाका : सगळ्यांनी एकदा लिपिड प्रोफाइल करा, आणि रिपोर्ट आला की गुड कोलेस्टेरॉलच्या आधी एलडीएलचा आकडा वाचा.